मतदार यादीचं काम शिकवणारा आमच्या भागातला स्वयंसेवकांचा गट, माझा अनुभव

रेटिंग आधीच सांगते, पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते खाली लिहिलंय, पण आधी मी तिथे पोचले कशी ते सांगते.

2024 च्या विधानसभेला सासूबाईंना घेऊन बूथवर गेले होते. वय 79, गुडघे दुखतात, पण मत चुकवायचं नाही हा त्यांचा नेम, सकाळी सातलाच साडी नेसून तयार. तासभर रांगेत काढला, नंबर आला, कार्ड पुढे केलं, आणि टेबलवरच्या माणसाने यादी दोनदा बघून सांगितलं, आजी तुमचं नाव नाहीये यात. कार्ड हातात आहे आणि नाव नाही, हे त्यांना काही केल्या पटेना. खरं तर मलाही तेव्हा माहीत नव्हतं की कार्ड ही फक्त ओळख असते, मत देता येतं ते यादीत नाव आहे म्हणून. नाव असेल आणि कार्ड सापडत नसेल तर आधार, पॅन, पासपोर्ट यातलं काहीतरी चालतं, पण नावच नसेल तर कार्ड दाखवून काही होत नाही. घरी येताना रिक्षात त्या एक शब्द बोलल्या नाहीत. बोटाला शाई नाही म्हणून दोन दिवस खाली बाकावर बसायलाही गेल्या नाहीत.

मग शेजारणीने या गटाचं सांगितलं. दर रविवारी सकाळी वाचनालयाच्या व्हरांड्यात टेबल टाकून बसतात, बँकेतून रिटायर झालेले एक काका, शाळेत शिकवणाऱ्या एक ताई आणि कॉलेजची तीन-चार पोरं. पैसे घेत नाहीत, बोर्डावर कुणाचा फोटो नाही. मी गेले त्या दिवशी एकजण गळ्यात पक्षाचं उपरणं घालूनच आला होता, काका त्याला शांतपणे म्हणाले, "दादा, हे जरा खिशात ठेवा, मग बसा, तुमचंही काम करू." त्यानेही ठेवलं आणि बसला. माझा विश्वास बसला तो तिथेच.

ताईंनी आमच्या भागाची छापील यादी काढली, फुटपट्टी लावली आणि एकेक ओळ खाली सरकवत बिल्डिंगचं नाव शोधायला लागल्या. मी वरवर बघून नाहीये म्हणाले असते, त्या मात्र पार शेवटच्या पुरवणीपर्यंत गेल्या, आणि तिथे वगळलेल्या नावांत सासूबाई सापडल्या. एकट्या नाही, आमच्या बिल्डिंगमधली अजून अकरा माणसं. मग उलगडा झाला, रीडेव्हलपमेंटला बिल्डिंग पाडली तेव्हा आम्ही सगळे तीन वर्षं भाड्याने बाहेर होतो, पत्त्यावर कुणी सापडलं नाही आणि नावं स्थलांतरित म्हणून गेली. परत राहायला आल्यावर गॅसचा, बँकेचा पत्ता सगळ्यांनी तपासला पण मतदार यादी बघायचं एकालाही सुचलं नाही, मलाही नाही.

आता या गटाची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. ते तुमचा फॉर्म भरून देत नाहीत, शेजारी बसून तुमच्याकडूनच भरून घेतात. पहिल्यांदा मला राग आला होता, म्हातारं माणूस घेऊन आलोय तर पटकन भरून द्या ना. पण कॉलेजच्या पोराने सासूबाईंच्याच हातात मोबाइल दिला, नाव मराठीत कसं आलंय ते त्यांनाच वाचायला लावलं, आणि आडनावातली वेलांटी चुकलेली त्यांनीच पकडली. नाव वगळलं गेलंय म्हणून नव्याने फॉर्म 6 भरायचा, घर बदललं, नावात चूक आहे, कार्ड दुसरं हवंय तर फॉर्म 8, आणि कुणाचं नाव काढायला किंवा हरकत घ्यायला फॉर्म 7, हे मला आता झोपेतही सांगता येईल. फॉर्म भरला की एक रेफरन्स नंबर येतो तो त्यांनी आम्हाला कागदावर लिहून घ्यायला लावला, आणि दर रविवारी "काकू, स्टेटस बघितलं का?" म्हणून विचारत राहिले. बीएलओ बाई, म्हणजे आमच्या बूथची यादी सांभाळणाऱ्या सरकारी कर्मचारी, घरी येऊन गेल्या, नंतर नाव आलं. ज्या दिवशी यादीत दिसलं त्या दिवशी सासूबाईंनी अनुक्रमांक कॅलेंडरच्या मागे पेनने लिहून ठेवला.

अजून एक मला तिथेच कळलं. पूर्वी 1 जानेवारीला 18 पूर्ण असतील तरच त्या वर्षी नाव लागायचं, आता 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात, आणि 17 पूर्ण झाले की आधीच अर्ज करून ठेवता येतो. माझ्या भाच्याचा असाच केला. आणि निवडणूक लागली की बघू म्हणणाऱ्यांनी हे नीट वाचा, उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख उलटली की यादीत नाव घालता येत नाही, मग तुम्ही कितीही ओळखी काढा. महापालिकेच्या वेळी तर अजून वेगळं, राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी घेऊन ती प्रभागांत फोडतो, त्यामुळे तिथे नाव नसेल तर इथेही नसणार, फक्त चुकीच्या प्रभागात गेलं असेल तर प्रारूप यादीवर, म्हणजे पक्की होण्याआधीच्या कच्च्या यादीवर, हरकत घेता येते. तेव्हा हे लोक संध्याकाळीही बसत होते आणि एका प्रभागात चार जागा असतील तर चार मतं द्यायची असतात हे जिन्याजिन्यात जाऊन सांगत होते. बरीच माणसं एकच बटण दाबून निघायच्या तयारीत असतात हो.

आता अर्धा स्टार. यादीच्या कामात यांचा हात धरणारं कुणी नाही, पण रस्ते, दिवे, कचरा, ड्रेनेज हे सगळंही त्यांनी अंगावर घेतलंय आणि तिथे माणसं कमी पडतात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी चेंबरचं झाकण तुटलेलं, त्यांनी फोटो काढून तक्रार कशी टाकायची, तक्रार क्रमांक कसा जपायचा ते शिकवलं, रजिस्टरमध्ये लिहूनही घेतलं, पण पुढे दोन महिने कुणी विचारलंच नाही. शेवटी मीच त्यांच्याकडून शिकलेली पद्धत वापरून माहिती अधिकाराचा अर्ज टाकला, 30 दिवसांच्या आत उत्तर द्यावं लागतं महापालिकेला, आणि उत्तर यायच्या आधी झाकण बसलं. रजिस्टरमधली प्रत्येक तक्रार एकेका माणसाच्या नावावर टाकली तर हे सहज सुटेल असं मला मनापासून वाटतं, काकांना तसं सांगितलंय आणि त्यांनी ते वहीत लिहून घेतलंय.

व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फार येतात, म्यूट करून ठेवा, पण सोडू नका, यादीच्या तारखा तिथेच कळतात. रविवारी ड्युटी असणाऱ्यांची पंचाईत होते, त्यांच्यासाठी आठवड्यात एखादी संध्याकाळ कायमची ठेवायला हवी.

जाताना आधार, पत्त्याचा पुरावा, एक फोटो आणि जुनं कार्ड असेल तर ते न्या, ओटीपी येतो म्हणून मोबाइल चार्ज करून न्या. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बरोबर न्या, त्यांच्यासाठी पाठीची खुर्ची वेगळी ठेवलेली असते आणि रांग लावावी लागत नाही. आता दर रविवारी सासूबाई त्याच खुर्चीत बसतात, येणाऱ्या प्रत्येकाला पहिला प्रश्न त्याच विचारतात, "कार्ड राहू दे बाळा, यादीत नाव बघितलंस का?"