इम्प्लांटवरच्या कवळीची सफाई: गोळ्या, ब्लीच, माउथवॉश आणि साधा साबण

इम्प्लांटवर बसणारी, पण रोज काढता-घालता येणारी कवळी सैल वाटू लागली की संशय आधी कवळीवर जातो, मग हाडात बसवलेल्या इम्प्लांटवर. बहुतेक वेळा दोघंही निर्दोष असतात. झिजलेली असते ती त्यांच्या मधली वाटाण्याएवढी वस्तू, म्हणजे कवळीच्या आतल्या बाजूला धातूच्या वाटीत बसवलेली नायलॉनची कॅप. ती इम्प्लांटवरच्या धातूच्या खुंटावर घट्ट बसते, आणि कवळी बसवताना ‘टक्’ आवाज येतो तो हिच्यामुळेच. लोकेटर नावाच्या, खुंटावर दाबून बसणाऱ्या जोडणीत या कॅपचा रंग तिची पकड सांगतो. एका इम्प्लांटमागे पारदर्शक कॅपची पकड सुमारे २.३ किलो, गुलाबीची सुमारे १.४ किलो आणि निळीची सुमारे ०.७ किलो असते. म्हणून सफाईचं द्रावण कवळी किती उजळ करतं यापेक्षा या नायलॉनशी कसं वागतं ते आधी पाहायला हवं. इथल्या प्रत्येक द्रावणाला आम्ही तीच कसोटी लावली आहे.

ब्लीचपासून सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त नुकसान त्यानेच होतं. घरगुती ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. जंतू मारण्यात आणि डाग काढण्यात त्याचा हात धरणारं दुसरं काही नाही, हे मान्य. पण नायलॉनच्या साखळीतले अमाइड बंध क्लोरीनपुढे टिकत नाहीत. गुलाबी कॅपवर झालेल्या प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत १:१० इतकं पातळ केलेलं हायपोक्लोराइटही पकड ठळकपणे कमी करतं असं दिसलं. ‘पातळ केलं म्हणजे चालेल’ हा समज त्यामुळेच फसवा आहे. शिवाय कवळीत कोबाल्ट-क्रोम या मिश्रधातूचा सांगाडा किंवा स्टीलची वाटी असेल तर त्यावर बारीक खड्डे पडतात, कवळीच्या ॲक्रिलिकचा (प्लास्टिकचा) गुलाबी रंग विटतो आणि मऊ अस्तर लावलेलं असेल तर तेही खराब होतं. अमेरिकन कॉलेज ऑफ प्रोस्थोडॉन्टिस्ट्स या कृत्रिम दातांच्या तज्ज्ञांच्या संघटनेने पुढाकार घेऊन २०११ साली पूर्ण कवळ्यांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत ब्लीचमध्ये १० मिनिटांपेक्षा जास्त भिजवू नका असं म्हटलं आहे. ही मर्यादा साध्या कवळीसाठी आहे. नायलॉन कॅप असलेल्या कवळीसाठी आमचा शेरा सरळ आहे: रोजच्या वापरात ब्लीच नको. बुरशीच्या संसर्गासाठी दंतवैद्याने ते मुद्दाम सांगितलं असेल, तर प्रमाण आणि वेळ त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावी, आणि त्या काळात कॅप लवकर बदलावी लागेल हे गृहीत धरावं.

आता फेसाळणाऱ्या गोळ्या. यांत सोडियम परबोरेट किंवा परकार्बोनेट, पोटॅशियम मोनोपरसल्फेट, खाण्याचा सोडा आणि सायट्रिक आम्ल असं मिश्रण असतं. पाण्यात पडताच फेस येतो आणि ऑक्सिजन सुटतो. नायलॉनवरचे चाचण्यांचे निकाल सगळे एकसारखे नाहीत, पण ब्लीचइतका तोटा यांच्यात दिसत नाही. सफाईतलं त्यांचं यश मात्र मर्यादित आहे. फेसाने सैल थर सुटतो, घट्ट चिकटलेला जंतूंचा थर आणि कीटण (कडक झालेला थर) निघत नाही. म्हणून गोळी ब्रशनंतर वापरायची, ब्रशऐवजी नाही.

गोळी वापरताना एक चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते. कवळी पेल्यात दात वर करून ठेवली जाते. मग कॅपचं तोंड खाली जातं, आत हवेचा बुडबुडा अडकतो आणि जिथे सफाई हवी तिथेच द्रावण पोचत नाही. कवळी उलटी, हिरडीकडची बाजू वर करून ठेवा आणि बोटाने हलवून बुडबुडे जाऊ द्या. पाणी कोमट घ्या, कवळी पूर्ण बुडेल इतकं. उकळतं पाणी कधीच नको, त्याने ॲक्रिलिक पांढुरकं पडतं आणि वाकतं. एकदा वाकलेलं ॲक्रिलिक कॅप बदलून सरळ होत नाही. वेळ पाकिटावर लिहिली असेल तितकीच: काही गोळ्यांना ३ मिनिटं पुरतात, काहींना १५. ‘रात्रभर ठेवली तरी चालते’ असं लिहिलेली गोळीसुद्धा या कवळीसाठी थोडाच वेळ वापरावी, असं आमचं मत. रात्र साध्या पाण्यात काढू द्या. कवळी कोरडी ठेवणंही चूक आहे, कारण ॲक्रिलिकमधलं पाणी उडून तिचा आकार किंचित बदलतो. तोंडात घालण्याआधी वाहत्या पाण्याखाली नीट धुवा, कॅपच्या खळग्यात द्रावण राहू देऊ नका. परसल्फेटची ॲलर्जी असलेल्यांना पुरळ, सूज, श्वासाचा त्रास होऊ शकतो, त्यांनी या गोळ्यांच्या वाटेला जाऊ नये. आणि गोळी टाकलेलं पाणी चूळ भरण्यासाठी नाही. ज्यांच्या घरी विस्मरणाचा त्रास असलेले वृद्ध आहेत त्यांनी तो पेला त्यांच्या हाताशी ठेवू नये; ते पाणी चुकून प्यायलं जाऊ शकतं, ही फार गंभीर गोष्ट आहे.

माउथवॉशमध्ये कवळी बुडवणाऱ्यांची संख्या कमी नाही. लिस्टरीनसारख्या तेलयुक्त माउथवॉशचा नायलॉनवरचा परिणाम एका दिशेचा सापडत नाही, आणि ज्याचा अंदाज बांधता येत नाही ते रोजच्या वापराला घेऊ नये. अल्कोहोल असलेलं द्रावण काही जोडण्यांत नायलॉन कॅपऐवजी असणारी रबरी कडी (ओ-रिंग) आणि मऊ अस्तर या दोघांनाही मानवत नाही. क्लोरहेक्सिडीन जंतूंवर चांगलं, पण फार दिवस वापरलं तर कवळीवर तपकिरी डाग पडतात.

व्हिनेगरचं काम एकच, कीटणाचा पातळ थर मऊ करणं. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घ्या, १५ ते २० मिनिटं भिजवा, मग मऊ ब्रशने घासा. आठवड्यातून एकदा पुरे. जुनं, दगडासारखं झालेलं कीटण त्याने निघणार नाही, ते दवाखान्यातल्या अल्ट्रासोनिक यंत्राचं काम. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र कधीही आणू नका, क्लोरीन वायू सुटतो.

सर्वांत जास्त गुण आम्ही देतो ते भांडी घासायच्या सौम्य द्रवसाबणाच्या दोन थेंबांना आणि मऊ ब्रशला. नायलॉन, टायटॅनियम, ॲक्रिलिक, तिघांनाही ते चालतं. टूथपेस्ट नको. तिच्यातले खरखरीत कण ॲक्रिलिकवर ओरखडे पाडतात आणि कॅपमध्ये अडकले तर प्रत्येक वेळी काढता-घालताना पॉलिश पेपरसारखे घासत राहतात. नायलॉन झिजतंच, तोंडातल्या धातूच्या खुंटाची कडही झिजते. खुंट झिजला तर नवी कॅपही धरत नाही आणि खर्च कितीतरी वाढतो. सिंकमध्ये पाणी भरून किंवा तळाला टॉवेल ठेवून घासा, हातातून निसटलेली कवळी तुटायला एवढीशी उंची पुरते.

द्रावणावर ठपका ठेवण्याआधी एक तपासणी करा. कवळी पूर्ण खाली बसतच नसेल, ‘टक्’ होत नसेल, तर तोंडातल्या खुंटाच्या मधल्या खळग्यात बहुधा अन्न किंवा कीटण भरलेलं असतं. टोकाला केसांचा एकच गुच्छ असलेल्या छोट्या ब्रशने तो खळगा रोज साफ करावा, पिन किंवा टाचणीने कोरू नये. ‘टक्’ होतं पण कवळी सहज सुटते, तर कॅप गेली. कॅपची कड फाटलेली, दबलेली दिसेल. आणि पकड ठीक असून एका बाजूने चावलं की दुसरी बाजू उचलली जाते, तर खालचं हाड झिजलं आहे आणि कवळीला आतून नवं अस्तर लावावं लागेल. या तिसऱ्या प्रकारात कितीही कॅप बदला, त्या लवकरच खराब होतील, कारण हेलकाव्याचा सगळा भार त्यांच्यावरच येतो.

द्रावण कितीही योग्य असलं तरी कॅप झिजणारच. दिवसाला ३ वेळा काढ-घाल धरली तर वर्षाला जवळपास १,१०० वेळा ती ताणली जाते. कवळी चावून बसवण्याची सवय असेल तर आणखी लवकर, कारण ती तिरकी दाबली जाते आणि कॅपची एक कड चेपते. दोन्ही बाजूंना बोटं ठेवून सरळ दाबावी, काढतानाही दोन्ही बाजू एकदम उचलाव्यात. कॅप बदलणं हे खुर्चीवर काही मिनिटांचं काम आहे: खास हत्याराने जुनी ओढून काढतात, वाटी साफ करतात, नवी दाबून बसवतात. एक झिजली म्हणून एकच बदलून घेऊ नका, सगळ्या एकदम बदला, नाहीतर नव्या कॅपच्या बाजूला कवळी जास्त घट्ट राहते आणि काढताना तिरकी निघते. रंग मात्र दंतवैद्यानेच ठरवावा. सैल वाटते म्हणून थेट पारदर्शक कॅप मागून घेतली तर कमजोर हातांना कवळी काढताच येत नाही, मग ती दिवसेंदिवस तोंडातच राहते आणि सफाईच होत नाही.