क्लाउडचं मूळ खातं कोणाच्या ईमेलवर आहे, ते आजच बघा

आमच्या कंपनीचा डेटा क्लाउडवर हलवून देणाऱ्या सल्लागाराने आम्हाला फसवलं. तीच पद्धत कोणावरही चालू शकते, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

बिलं, ग्राहकांच्या नोंदी, जुनी ड्रॉइंग्ज असं सगळं त्याने ऑफिसातल्या सर्व्हरवरून नीट हलवलं. काम चोख होतं. खोट होती खात्यात. मूळ खातं, ज्याला रूट म्हणतात, ते त्याने स्वतःच्या ईमेलवर उघडलं आणि आम्हाला त्यातली ॲडमिन लॉगिन दिली. ॲडमिन म्हणजे सर्वाधिकार असं वाटतं. पण रूटवाला ॲडमिनला केव्हाही काढू शकतो. ॲडमिनला रूट काढता येत नाही.

दर महिन्याचं बिलही त्याने स्वतः बनवलेलं असायचं. त्यात ‘रोजचा बॅकअप’ अशी एक ओळ असे आणि तिचे पैसे आम्ही भरत होतो. एकदा एका फाइलची जुनी प्रत हवी होती, तेव्हा टाळाटाळ सुरू झाली. आम्हीच आत शिरून पाहिलं, तर शेवटचा स्नॅपशॉट, म्हणजे डेटाची त्या क्षणाची साठवलेली प्रत, कित्येक महिन्यांपूर्वीचा, आणि तोही त्याच खात्यात. म्हणजे खातं गेलं की बॅकअपही गेला!

डेटा उतरवून घ्यायला लागलो तोच सगळी लॉगिन बंद झाली. मग ‘हस्तांतरण शुल्क’ मागितलं गेलं, न दिल्यास खातं बंद करण्याची धमकीही आली. ॲमेझॉनच्या क्लाउडवर बंद केलेलं खातं ९० दिवसांपर्यंतच परत उघडता येतं, नंतर आतलं सगळं कायमचं पुसलं जातं. क्लाउड कंपनीने सांगितलं, नोंदीत ज्याचं नाव, खातं त्याचं. ‘डेटा माझा’ म्हणणाऱ्या कोणालाही त्यांनी खातं उघडून देऊ नये, हे मला पटतं. तरी तेव्हा ते फार लागलं.

लॅपटॉपवरच्या प्रती आणि ईमेलच्या अटॅचमेंट यांतून बरंचसं जमवलं. जुनी ड्रॉइंग्ज मात्र गेली.

तुमच्याकडे असं कोणी काम करत असेल, तर रूटचा ईमेल कंपनीचा आहे का आणि त्याचा टू-स्टेप कोड कोणाच्या फोनवर येतो, हे विचारा. क्लाउड कंपनीचं मूळ बिल मागा. एक बॅकअप वेगळ्या खात्यात ठेवा आणि त्यातली एखादी फाइल तुमच्यासमोर परत आणून दाखवायला सांगा. डोमेनची, म्हणजे ईमेल पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाची, नोंदणीही तपासा. ती त्याच्या हातात असेल, तर कंपनीच्या पत्त्यावर येणारा ईमेल तो स्वतःकडे वळवून रूटचा पासवर्ड बदलू शकतो.