टक्क्यांचा हिशोब की कोस्टडाउन?

उद्यमनगरात डायनोचा, म्हणजे गाडीची चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, कागद हातात पडला की पहिला प्रश्न ठरलेला, "इंजिनला किती?" रोलरवर चाकाची ताकद दिसते, क्रँकची, म्हणजे थेट इंजिनमधून निघणारी, हिशोबानं काढावी लागते.

सोपा मार्ग टक्क्यांचा. गिअरबॉक्सपासून टायरपर्यंत १५ टक्के जातात असं धरायचं. चाकावर १०० एचपी, तर १०० भागिले ०.८५, म्हणजे सुमारे ११८. बरेच जण नुसते १५ मिळवून ११५ सांगतात, ते चूक. पण खरी गोची पुढं आहे. त्याच गाडीला टर्बो बसवून चाकावर २०० केले, तर हिशोबानं तोटा १८ वरून ३५ वर! गिअरबॉक्स तोच, तेल तेच. दातांचं घर्षण लोडबरोबर वाढतं, मान्य. पण तेल घुसळण्यात जाणारी ताकद मुख्यतः वेगावर ठरते.

दुसरा मार्ग कोस्टडाउनचा. यात डायनोवरचा रन संपल्यावर क्लच दाबून, गिअर तसाच ठेवून रोलर मंदावू देतात. तो किती झपाट्यानं मंदावतो यावरून तोटा काढून चाकाच्या आकड्यात मिळवतात. म्हणजे तोटा त्याच गाडीचा, त्याच टायरचा. लोडखालचं घर्षण मात्र यात पुरतं येत नाही.

तरी मी कोस्टडाउनच घेईन. नुसता ट्यूनिंगचा फरक बघायचाय? मग क्रँकचा नाद सोडा, एकाच डायनोवरचे चाकाचे दोन आकडे शेजारी ठेवा.