लॅटिन डिक्शनरी अ‍ॅप, एका क्रियापदावर घासून बघितलं

एका लॅटिन डिक्शनरी अ‍ॅपचं पेड व्हर्जन महिनाभर वापरतोय, नाव नाही घेत कारण पुढे कुरकुर आहे. माझी पद्धत सोपी, एकच शब्द घ्यायचा आणि त्याच्यावर अ‍ॅपला पिळून काढायचं. मी घेतला त्रिउम्फारे. म्हणजे नुसतं जिंकणं नव्हे हां, त्याला विन्केरे आहे, हे म्हणजे जिंकून आल्यावर रोममधनं मिरवणूक काढणं, पुढे लूट आणि कैदी, मग चार घोड्यांच्या रथात सेनापती, मागे सैनिक ‘इओ त्रिउम्फे’ ओरडतायत, आणि शेवट कॅपिटोलिन टेकडीवर ज्युपिटरच्या देवळात. हा फरक अ‍ॅपने नीट दिलाय, मार्क पूर्ण.

रूपांचे तक्ते झकास. सगळ्यात आवडलं ते म्हणजे कोणावर विजय मिळवला हे सांगायला लॅटिन ‘दे’ लावते, आणि फ्रेंच आजही त्रियोंफे‌च्या पुढे ‘द’च लावते, हे शेजारी शेजारी दाखवलंय.

आता ऑडिओ. अरे काय हे! ‘क्लासिकल उच्चार’ असं बटण आहे, दाबलं की बाई ‘फॅन’मधला फ काढते. जुना उच्चार होता आपल्या ‘फळ’मधला फ, ओठ मिटून, प आणि ह एकत्र, आणि त्याच्याही आधी तर साधा प, म्हणजे या क्रियापदाचं नाम तेव्हा त्रिउम्पुस होतं. दात-ओठवाला फ नंतरचा, तोच इटालियन त्रिओन्फारे आणि स्पॅनिश-पोर्तुगीज त्रिउन्फारमध्ये ऐकू येतो. म्हणजे मराठी माणसाला जे फुकटात जमतं तेच अ‍ॅप बिघडवतंय.

भाषांचं झाड, म्हणजे कुठल्या भाषेतला शब्द कुठनं आला ते दाखवणारं चित्र, तेपण जरा गंडलंय. रोमानियन त्रिउम्फा सरळ लॅटिनच्या फांदीला लटकवलाय, खरं तर तो आधुनिक काळात फ्रेंचकडनं आलेला, एक बाण फिरवला असता तर काम झालं असतं. आणि पत्ते तर विसरलेच! 15व्या शतकात इटलीत त्रिओन्फी नावाचे पत्ते होते, पुढे त्यांनाच टॅरो म्हणायला लागले, आणि इंग्रजीतला पत्त्यांचा ट्रम्प, म्हणजे आपला हुकूम, याच शब्दातनं निघाला. एवढी मजेदार गोष्ट आणि अ‍ॅपमध्ये एक ओळ नाही.

तीन स्टार. फ बद्दल सपोर्टला सविस्तर मेल टाकला होता, उत्तर आलं की फोनचा स्पीकर साफ करून बघा.