भिलारचं पुस्तकांचं गाव : पाचगणीच्या हल्ल्याचं खरंखोटं बघायला गेलो होतो

आधीच सांगतो, माझ्याकडून पाचपैकी पाच स्टार. भिलारबद्दल लिहिणारे बहुतेक जण रंगवलेल्या भिंती, स्ट्रॉबेरी आणि फोटो याच्यावरच लिहितात, ते सगळं तिथं आहेच, पण मी गेलो होतो वेगळ्या कामाला, आणि त्या कामाला हे गाव कसं उपयोगी पडलं ते सविस्तर लिहितोय कारण असं कुणी लिहिलेलं मला दिसलं नाही.

झालं असं की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मामांनी एक फॉरवर्ड टाकला. मे १९४४ ला पाचगणीत नथुराम गोडसे सुरा घेऊन गांधीजींच्या अंगावर धावून गेला आणि आपल्या सातारा जिल्ह्यातल्या भिलारे गुरुजींनी त्याला धरलं, असा. त्याच्यावर मावसभावानं लगेच टाकलं की हे सगळं थोतांड आहे, असं काही घडलंच नाही, मागनं रचलेली गोष्ट आहे. मग काय, दोन दिवस ग्रुप पेटलेला. मामांनी ग्रुप सोडला. माझी पोरगी नववीत आहे, तिनं सगळं वाचलं आणि मला विचारलं, पप्पा मग नक्की झालं काय होतं? आणि मला उत्तर देता येईना. जन्म साताऱ्यात गेला, पाचगणी इथनं पन्नास किलोमीटरच्या आसपास, दरवर्षी पाहुणे घेऊन जातो, आणि एवढी मोठी गोष्ट खरी का खोटी ते सांगता येईना. ते मनाला लागलं.

भिलारच का, तर एक म्हणजे पुस्तकं, आणि दुसरं म्हणजे भिलारे गुरुजी, म्हणजे भिकू दाजी भिलारे, त्याच गावचे. स्वातंत्र्यसैनिक, पुढं काँग्रेसचे आमदार. गाव ४ मे २०१७ ला पुस्तकांचं गाव म्हणून सुरू झालं आणि गुरुजी त्याच वर्षी जुलैमध्ये गेले, नव्वदी कधीच ओलांडलेले. आपल्या गावात घरोघरी पुस्तकं आलेली त्यांच्या हयातीत झालं याचं मला फार बरं वाटतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्रिटनमध्ये हे-ऑन-वाय म्हणून गाव आहे, जुन्या पुस्तकांच्या दुकानांसाठी जगभर प्रसिद्ध, त्याच्यावरनं ही कल्पना आली. पण तिकडं दुकानं आहेत आणि इकडं चक्क लोकांची राहती घरं. राज्य सरकारच्या मराठी विकास संस्थेनं पुस्तकं दिली आणि गावकऱ्यांनी घरातली खोली, पडवी, कुणी लॉजचा हॉल दिला, देवळात आणि शाळेतपण कपाटं आहेत. सुरुवात २५ ठिकाणी साधारण १५ हजार पुस्तकांवर झाली. एका घरात कादंबऱ्या, एका घरात कविता, कुठं संतसाहित्य, कुठं चरित्रं, कुठं इतिहास, कुठं लहान मुलांची पुस्तकं, असं वाटून दिलेलं, बाहेर पाटी आणि भिंतीवर चित्र. आत जायचं, पुस्तक काढायचं, बसून वाचायचं, परत ठेवायचं. वाचायचे पैसे नाहीत.

आम्ही जुलैमध्ये गेलो, मुद्दाम, कारण फॉरवर्ड मे म्हणत होता आणि मी आधी थोडं चाळलं होतं तिथं कुठंकुठं जुलै लिहिलेलं. वाईपर्यंत पाऊस नव्हता, पसरणी घाट चढायला लागलो आणि असं धुकं उतरलं की पुढच्या एसटीचा नुसता लाल दिवा दिसत होता. भिलारला गाडी लावली तर दहा पावलांवरचं घर दिसेना. स्ट्रॉबेरीचा हंगाम नसतो, गर्दी अजिबात नाही, वाचणाऱ्यांना माझं सांगणं आहे की याच दिवसांत जा. फक्त जाड कपडे आणि मोजे जास्तीचे घ्या, ओलं काही वाळत नाही.

पहिल्या घरात शिरलो ते चरित्रांचं. पुढच्या खोलीत पुस्तकांची कपाटं, खिडकीला सतरंजी टाकलेलं बाकडं, आतल्या दारातनं लसणाच्या फोडणीचा वास. आजी उंबऱ्याशी परात मांडीवर घेऊन घेवडा निवडत बसलेल्या. मी विचारलं, इथं बसलं तर चालेल का, तर म्हणाल्या, "वाचायलाच आलायसा न्हवं, मग बसा की, लाईट लावा." एवढंच. नंतर दोन तास त्यांनी आमच्याकडं बघितलंपण नाही, मधी एकदा न विचारता चहा आला. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. लायब्ररीत आपण थोडं दबून बसतो, घरात मोबाईल असतो, इथं दुसऱ्याच्या घरात बसून त्यांचं पुस्तक वाचताना आपोआप नीट वाचलं जातं, पानं जपून उलटली जातात. पावसाळ्यातपण कपाटं कोरडी आणि पुस्तकं पुसलेली होती, ते त्या घरच्या बायकांचं काम आहे, त्यांचे आभार मानले पाहिजेत.

आता मूळ काम. पोरीनं वहीत तीन रकाने आखले, कोण सांगतंय, घटनेनंतर किती वर्षांनी सांगतंय, स्वतः बघितलंय का ऐकलंय. हे तिला तिच्या इतिहासाच्या बाईंनी शिकवलेलं, मी नुसता बघत होतो.

पहिला उलगडा अर्ध्या तासातच झाला, तारखेचा. गांधीजी ६ मे १९४४ ला पुण्याच्या आगाखान पॅलेसमधल्या कैदेतनं सुटले. तब्येत खालावलेली, मलेरिया झालेला, कस्तुरबा तिथंच २२ फेब्रुवारीला गेलेल्या, त्यांचे सचिव महादेवभाई देसाई १५ ऑगस्ट १९४२ लाच गेलेले. सुटल्यावर विश्रांतीला गेले जुहूला, समुद्रावर. पाचगणीला आले ते जुलैमध्ये. १७ जुलैला त्यांनी जिनांना भेटीसाठी पत्र लिहिलं ते पाचगणीवरनंच. म्हणजे मे महिन्यात पाचगणीत हल्ला ही गोष्ट घडूच शकत नाही, कारण माणूसच तिथं नव्हता. पोरगी एवढी खूष झाली, म्हणाली पप्पा एक तर पकडलं.

पण मी तिला म्हटलं थांब, तारीख चुकली म्हणजे घटना खोटी असं होत नाही, महिना चुकीचा लिहून कुणीतरी पुढं ढकललं आणि बाकीच्यांनी तेच उचललं असंपण असतं. आणि तसंच निघालं. जुलैमध्ये पाचगणीला काहीतरी झालं होतं हे नक्की. पुण्याहून तरुणांचा एक गट आला होता आणि प्रार्थनेच्या वेळी त्यांनी गांधीजींच्या विरोधात घोषणा दिल्या. कारणपण समजतं, त्याच महिन्यात राजाजींचा (चक्रवर्ती राजगोपालाचारींचा) तोडगा बाहेर आला होता, फाळणीचं बोलणं जिनांशी करायचं म्हणून हिंदुत्ववादी तरुण भडकलेले. आणि आपल्या जिल्ह्यातली हवा तेव्हा काय होती तेपण बघा, क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार गावागावात चालू, पोरं भूमिगत, आणि गांधीजी म्हणत होते की लपून राहू नका, उघड्यावर या. म्हणजे त्यांच्यावर नाराज असलेले एकाच बाजूचे होते असंपण नाही. हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

खरी अडचण सुऱ्याची. त्याच्यासाठी रात्री मुक्कामाच्या खोलीत मोबाईलवर गांधीजींच्या खुनामागच्या कटाची चौकशी करणाऱ्या कपूर आयोगाचा अहवाल उघडला, तो इंग्रजीत आहे आणि स्कॅन करून नेटवर ठेवलेला आहे. आयोग का नेमला तेपण सांगतो. १९६४ ला नथुरामचे भाऊ गोपाळ गोडसे या खुनाच्या खटल्यातली शिक्षा भोगून सुटून आले, पुण्यात कार्यक्रम झाला, तिथं लोकमान्य टिळकांचे नातू ग. वि. केतकर म्हणाले की खून करायचा बेत आपल्याला आधीच माहीत होता, त्याच्यावरनं विधानसभेपासून संसदेपर्यंत गदारोळ. आधी गोपाल स्वरूप पाठक यांना नेमलं, ते मंत्री झाले म्हणून १९६६ ला न्यायमूर्ती जीवनलाल कपूर, अहवाल आला १९६९ ला. त्याच्यात पाचगणीचा विषय आहे. पुण्याच्या सुरती लॉजचे मणिशंकर पुरोहित, हल्लेखोराला धरणारे म्हणून ज्यांचं नाव भिलारे गुरुजींबरोबर घेतलं जातं, त्यांची साक्ष आहे. सुरा होता असं सांगणारे आहेत आणि नुसती घोषणाबाजी झाली असं सांगणारेपण आहेत, साक्षी एकमेकींना मिळत नाहीत. पोरीच्या दुसऱ्या रकान्यात सगळ्यांच्या पुढं वीस वर्षांच्या वरचे आकडे आले. आणि कोर्टात तर ही गोष्ट कधी उभीच राहिली नाही, लाल किल्ल्यात चाललेल्या गांधीजींच्या खुनाच्या खटल्यात आरोप होता १९४७ च्या शेवटापासूनच्या कटाचा.

मला स्वतःला एक वाटतं, आणि हे माझं मत आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गांधीजी जिनांना भेटायला मुंबईला निघाले तेव्हा सेवाग्रामला निदर्शनं झाली आणि निदर्शकांतल्या एकाजवळ सुरा सापडल्याची नोंद आहे. तो सुरा आणि पाचगणीच्या घोषणा लोकांच्या आठवणीत एकमेकांत मिसळल्या असतील का? दोन महिन्यांचं अंतर, तेच कारण, तेच भांडण. फॉरवर्ड लिहिणारे तर सगळं एका पिशवीत घालतात. पण म्हणून मी गुरुजींना खोटं म्हणणार नाही. ते जन्मभर सांगत आले, आणि धावून गेलेल्या माणसाला त्या क्षणी काय दिसलं हे माझ्यासारख्यानं ऐंशी वर्षांनी बसून नाकारणं बरोबर नाही. सुऱ्याची साक्ष आहे, शाबित झालेलं नाही, एवढंच मी म्हणू शकतो, आणि एवढंच म्हणायला मला दोन दिवस लागले.

मावसभावाच्या "असं काही घडलंच नाही" याला मात्र मी अजिबात तयार नाही. त्याचा सूर असा होता की गांधीजींवर ३० जानेवारी १९४८ च्या आधी हल्ला वगैरे काही नव्हताच. दुसऱ्या दिवशी इतिहासाच्या घरात बसून आम्ही तेपण बघितलं. २५ जून १९३४ ला पुण्यात नगरपालिकेच्या सत्काराला जाताना बाँब टाकला होता, गांधीजी वाचले, दुसरे जखमी झाले. १९४६ च्या जूनमध्ये त्यांच्या गाडीच्या वाटेवर नेरळ-कर्जतच्या मधी रुळावर दगड, ड्रायव्हरनं गाडी आवरली म्हणून निभावलं. आणि २० जानेवारी १९४८, दिल्लीत बिर्ला हाऊसच्या प्रार्थनेला मदनलाल पाहवानं स्फोट केला, जागेवर पकडला गेला, तरी दहा दिवसांनी तिथंच व्हायचं ते झालं. हे वाचताना पोरीनं वही बाजूला ठेवली आणि विचारलं, पकडलेला माणूस बोलत होता ना, मग बाकीचे का नाही सापडले? तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी काही बोललो नाही. कपूर आयोगानं पोलिसांच्या ढिलाईवर बरंच लिहिलंय, तेवढं दाखवलं.

गैरसोयीचं म्हणाल तर घरं गावभर पसरलेली आहेत, एका घरातनं दुसऱ्या घरात पावसात छत्री घेऊन जायला लागतं, चढउतार आहे, म्हाताऱ्या माणसांनी एका दिवशी दोनच घरं धरावीत. पुस्तकं मराठी आहेत, त्यामुळं मूळ सरकारी कागद बघायचे असतील तर मोबाईलला पर्याय नाही. आणि कृपा करून कुणाच्या घरात रील करू नका, आम्ही बसलो होतो तिथं एक ग्रुप आला, कपाटापुढं उभं राहून फोटो काढले आणि एकही पुस्तक न उघडता निघून गेला, आजी आपल्या घेवडा निवडत राहिल्या पण मला वाईट वाटलं.

जेवण आम्ही गावातच घेतलं, पिठलं, भाकरी, ठेचा, गरम भात. चव चांगली.

साताऱ्याला आल्यावर ग्रुपवर पोरीनंच लिहिलं, मी नाही. मे चूक, जुलै बरोबर, निदर्शनं झाली हे नक्की, सुऱ्याबद्दल दोन्ही बाजूच्या साक्षी, आणि खाली वहीच्या पानाचा फोटो. मावसभावानं पान झूम करून बघितलं असावं, कारण तासाभरानं त्यानं विचारलं सेवाग्रामची नोंद कुठं वाचली. रात्री मामांचा फोन आला, म्हणाले, मला परत ग्रुपवर घे आणि तो रिपोर्ट मराठीत कुठं मिळतो का बघ. मराठीतला मला अजून सापडलेला नाही. तोपर्यंत येत्या रविवारी त्यांना भिलारला घेऊन जातोय, त्यांच्या गुडघ्याचं दुखणं आहे म्हणून रस्त्याला लागून असलेलं, पायऱ्या नसलेलं एक घर आम्ही तेव्हाच बघून ठेवलंय.