नॉर्वेत तंबू आणि लिफ्टच्या भरवशावर उन्हाळा: वापरून झाल्यावरचं मत

नॉर्वेत तीन गोष्टींना अफाट पैसे पडतात: डोक्यावरचं छप्पर, प्रवास आणि दुसऱ्याने शिजवलेलं जेवण. जून ते ऑगस्ट मी या तिन्ही गोष्टी शक्य तितक्या टाळून तिथे फिरले, काही दिवस मैत्रिणीबरोबर आणि बाकी एकटीने. तेव्हा हे मत पहिल्या आठवड्यात भारावून जाऊन दिलेलं नाही. तंबू आणि शिध्याचं गणित तिथे छान जमतं. लिफ्टचं गणित उत्तरेत जमतं, दक्षिणेत नाही. पावसाच्या बाबतीत मात्र काटकसर चालत नाही, तिथे पैसे घालावेच लागतात.

या सगळ्याचा पाया आहे ‘आल्लेमान्सरेत्तेन’, म्हणजे मोकळ्या निसर्गात वावरण्याचा प्रत्येकाचा हक्क. 1957 च्या कायद्यात तो नोंदलेला आहे आणि तो परदेशी पाहुण्यालाही तितकाच लागू होतो. शेत, कुरण, अंगण वगळून उरलेल्या रानात आणि डोंगरात, जमीन खासगी असली तरी, तंबू ठोकता येतो. राहत्या घरापासून किंवा केबिनपासून 150 मीटर लांब राहायचं आणि एका जागी दोन रात्रींपेक्षा जास्त थांबायचं असेल तर मालकाला विचारायचं. उंच डोंगरात आणि वस्तीपासून फार दूर दोन रात्रींची अटही नाही. झाडीत किंवा झाडीजवळ शेकोटी मात्र 15 एप्रिल ते 15 सप्टेंबर बंद असते.

कागदावर हे सोपं वाटतं, प्रत्यक्षात फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत आत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्याच्या, काठाला 150 मीटरची जागा सापडणं कठीण जातं. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला कडा, मधल्या चिंचोळ्या पट्टीत रस्ता, घरं आणि गवताची शेतं. मी संध्याकाळी रस्त्याजवळ जागा शोधत बसण्याऐवजी पाऊलवाट धरून तासभर वर चढायचे. भूर्जाची झाडं संपली की सपाटी मिळते, झऱ्याचं पाणी मिळतं आणि कुणाला आपला त्रासही होत नाही. फक्त तिथे कातळावर जेमतेम वीतभर माती असते, खुंट्या शिरत नाहीत. म्हणून दांड्यांवर आपला आपण उभा राहणारा तंबूच घ्या. दोऱ्या दगडांना बांधता येतात. माझ्या तंबूने उन्हाळा काढला, पण समुद्रकाठच्या वाळूने चेन खरखरीत झाली आणि तळाला बारीक छिद्रं पडली. खाली अंथरायचा वेगळा प्लास्टिकचा कागद न्यायलाच हवा. डोळ्यांवर बांधायची पट्टीही हवी, कारण बोडो शहरात जूनच्या सुरुवातीपासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळतच नाही.

पाऊस सह्याद्रीत भरपूर पाहिलेला असतो, त्यामुळे आपल्याला वाटतं की त्यात काय एवढं. पण आपल्याकडे भिजलेला माणूस चालत राहतो, चहा घेतो, वाळतो. तिथे सहा-सात अंश तापमानात वाऱ्यासह भिजलात तर अर्ध्या तासात बोटांनी गाठ सुटत नाही. बर्गेनमध्ये वर्षातले दोनशेहून जास्त दिवस पाऊस असतो. प्लास्टिकचा पोंचो पहिल्याच वाऱ्यात फाटतो. चांगलं जॅकेट, पावसाळी पँट, लोकरीचे आतले कपडे आणि कधीही न भिजू देण्याचा एक झोपायचा जोड, एवढं पुण्या-मुंबईतून किंवा ओस्लोच्या जुन्या वस्तूंच्या दुकानांतून जमवा आणि बाकी कुठेही काटकसर करा. हवामानासाठी तिथले लोक ‘यर’ बघतात, तेच बघा.

जेवणाचं सांगायचं तर रेमा 1000, किवी आणि कोऑप एक्स्ट्रा ही स्वस्त दुकानं. ‘फर्स्ट प्राइस’ आणि ‘एक्स्ट्रा’ या छापाचे ओट्स, पास्ता, कुरकुरीत सुकी भाकरी आणि टोमॅटोतल्या बांगड्यासारख्या माशाचा डबा यांवर माझे दिवस गेले. लाल मसूर जवळपास सगळीकडे मिळते, लवकर शिजते आणि इंधन वाचवते. ओस्लोच्या ग्रोनलांद भागात आपल्याकडच्या डाळी, हिंग, मसाले मिळतात, तिथून एकदा भरून घ्या. घरून भाजलेला रवा, मेतकूट, सातूचं पीठ नेलं होतं, ते फार कामी आलं. तूप, पेढे, मांस असलं काही नेऊ नका. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आपल्याकडून तिथे नेता येत नाहीत. रविवारी मोठी दुकानं बंद असतात, त्यामुळे शनिवारचा बाजार चुकवून चालत नाही. गॅसचा डबा विमानात नेता येत नाही, तो तिथेच घ्यावा लागतो. मी मात्र ‘रोदस्प्रित’ या स्पिरिटवर चालणारी छोटी शेगडी वापरली. सावकाश पेटते, पण बिघडायला तिच्यात काही नाही. नळाचं पाणी सगळीकडे पिण्याजोगं, बाटलीबंद पाण्याला एक क्रोनही घालवू नका. रोख पैशांची गरज जवळपास पडत नाही, पण चालणारी दोन कार्डं वेगवेगळ्या खिशांत ठेवा.

आता लिफ्ट. ओस्लोच्या आसपास आणि दक्षिणेच्या मोठ्या महामार्गांवर यात वेळ घालवू नका. गाड्या वेगात असतात, थांबायला जागा नसते, शिवाय महामार्गावर पायी उभं राहताच येत नाही. तिथे लवकर काढलेलं रेल्वेचं तिकीट परवडतं. त्रोन्हैमच्या उत्तरेला चित्र बदलतं. रस्ता एकच असतो, म्हणजे जो कोणी जातोय तो तुमच्याच दिशेला जातोय. गाड्या कमी, पण थांबणाऱ्यांचं प्रमाण जास्त.

मला सगळ्यात आवडला तो किनाऱ्याचा 17 क्रमांकाचा रस्ता, स्टाइनशेर ते बोडो, सुमारे 650 किलोमीटर आणि वाटेत सहा फेरीबोटी. बहुतेक लोक ई-6 महामार्गाने जातात कारण तो लवकर पोचवतो. लिफ्ट मागणाऱ्याला मात्र बोटी हेच वरदान आहे. धक्क्यावर गाड्या रांगेत उभ्या असतात, माणसं पाय मोकळे करायला खाली उतरतात, तेव्हा अंगठा दाखवण्याऐवजी सरळ जाऊन, हसून, नीट विचारता येतं. समोरचा माणूस तुम्हाला पारखतो, तुम्हीही त्याला पारखता. बऱ्याच बोटींवर पायी चढणाऱ्याला मला तिकीटही पडलं नाही. किल्बोगहाम्न ते येक्टविक ही बोट तासाभरात आर्क्टिक वृत्त ओलांडते आणि त्या तासात वरच्या बाकांवर गप्पा होतात. पुढची लिफ्ट बोट लागायच्या आत ठरवून टाका. बोट लागली की सगळ्या गाड्या एकदम निघून जातात आणि पुढची बोट येईपर्यंत रस्त्यावर चिटपाखरू नसतं.

इतर ठिकाणी बसथांब्याची खाच, गावाबाहेरचा पेट्रोल पंप, चौकाचं वर्तुळ संपल्यावरची रुंद जागा, इथे उभं राहावं. पुढच्या गावाचं नाव मोठ्या अक्षरांत लिहा, शेवटच्या मुक्कामाचं नको. मला नेणाऱ्यांत सुतार होते, परिचारिका होत्या, मासेमारीवरून घरी निघालेले लोक होते, आणि पोलंड-लिथुआनियातून कामाला आलेली बरीच मंडळी. कित्येक जण तरुणपणी स्वतः असेच फिरले होते. पहिली दहा मिनिटं शांततेत जातात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. नंतर मनापासून बोलतात. नकाशावरच्या अंतरावर भिस्त ठेवू नका. गावाबाहेर वेगमर्यादा साधारण 80 आहे आणि रस्ते वळणांचे, तीनशे किलोमीटरला अख्खा दिवस लागू शकतो.

एकट्या बाईने हे करावं का, हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. मी केलं आणि पुन्हा करेन. पण बसण्याआधी गाडीच्या क्रमांकाचा फोटो घरी पाठवायचा, सॅक डिकीत न टाकता मागच्या सीटवर ठेवायची, फोन चार्ज असायलाच हवा, आणि मन कचरलं तर ‘धन्यवाद, मी थांबते’ एवढं म्हणून मागे सरायचं. मी असं म्हटलं तेव्हा कोणीही वाद घातला नाही. पोलिसांचा क्रमांक 112.

लोफोटेन बेटांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण सगळ्यांना तिथेच जायचं असतं. ई-10 वर लिफ्ट सहज मिळते. पण गर्दीमुळे तिथल्या काही भागांत तंबूला स्थानिक बंदी आहे, आणि ती रास्त आहे. जिथे फलक दिसेल तिथे पुढे चला. रायनेब्रिंगेनच्या 448 मीटरच्या डोंगरावर नेपाळहून आलेल्या शेर्पांनी दगडी पायऱ्या बांधल्या आहेत, कारण हजारो पायांनी उतार झिजून दगड सुटू लागले होते. त्या पायऱ्यांवरून चढताना मला त्या हातांबद्दल अपार आदर वाटला. पायऱ्या सोडून कडेच्या गवतातून उतरू नका.

पैसे घालून सगळ्यात जास्त समाधान मिळालं ते डीएनटीच्या सदस्यत्वाचं. 1868 साली स्थापन झालेली ही पर्यटन संघटना देशभर साडेपाचशेच्या आसपास केबिन चालवते. दगडांवरच्या लाल ‘टी’ खुणा तिच्याच. बिनमाणसांच्या केबिनला सदस्याला एक ठरावीक किल्ली मिळते. मी फिन्सेहून, म्हणजे 1222 मीटरवरच्या, मोटाररस्ता नसलेल्या रेल्वे स्टेशनावरून, हिमनदीच्या कडेने रेम्बेस्दालसेटर केबिनला गेले. कुलूप उघडलं तर सरपण, चूल, ब्लँकेटं आणि कोठीत डबाबंद अन्न. जे घ्याल ते लिहायचं, पैसे स्वतः हिशोब करून भरायचे, निघताना लाकडं फोडून, पाणी भरून, झाडून जायचं. देखरेखीला कोणी नाही. एवढा विश्वास टाकणारी व्यवस्था मी दुसरीकडे पाहिली नाही आणि ती टिकावी असं फार वाटतं, म्हणून एक डबा खाल्ला तरी त्याचे पैसे भराच. रोज केबिनचं भाडं परवडत नाही. चार रात्री तंबूत, एक केबिनमध्ये, कपडे वाळवायला, हे प्रमाण मला झेपलं.

काळ निवडायचा तर फिन्सेच्या पठारावर जुलैच्या सुरुवातीलाही बर्फ लागतो. ऑगस्टचा उत्तरार्ध मला सगळ्यात चांगला वाटला: डास कमी, रानात ब्लूबेरी, आणि रात्रीला पुन्हा अंधार. मात्र तेव्हा बऱ्याच उन्हाळी बस आणि बोटींचं वेळापत्रक संपतं, आणि शरदात ओढ्यांवरचे उन्हाळी पूलही काढून घेतात. तेव्हा वाट ठरवण्याआधी डीएनटीच्या ‘यूटी’ नकाशावर त्या वाटेवरचे पूल अजून जागेवर आहेत का ते बघून घ्या.