एलिझाबेथ बेनेटची पहिली भेट कोणत्या पडद्यावर घ्यावी?

जेन ऑस्टेनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ही कादंबरी १८१३ साली प्रसिद्ध झाली आणि तिच्यावर आजवर इतक्या मालिका व चित्रपट निघाले आहेत की, नव्याने पाहू इच्छिणाऱ्याला सुरुवात कोठून करावी हेच कळेनासे होते. त्यांपैकी चार येथे विचारात घेतले आहेत. बीबीसीची १९९५ची मालिका आणि जो राइट यांचा २००५चा चित्रपट हे दोन्ही पिरियड ड्रामा, म्हणजे कथेच्या जुन्या काळातच घडणारे, आहेत, तर ‘ब्रिजेट जोन्सेस डायरी’ (२००१) आणि गुरिंदर चढ्ढा यांचा ‘ब्राइड अँड प्रेज्युडिस’ (२००४) या आजच्या काळात आणलेल्या रोमँटिक कॉमेडी आहेत. निवड करताना बहुतेक जण कथेचा श्रीमंत, गर्विष्ठ नायक डार्सी कोणत्या रूपांतरात अधिक देखणा याची चर्चा करतात. माझ्या मते नजर ठेवायला हवी ती नायिका एलिझाबेथ बेनेटच्या मैत्रिणीवर, शार्लट लुकसवर.

याचे कारण कथेच्या अर्थकारणात आहे. बेनेट कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन हजार पौंड आहे, परंतु मुलगा नसल्यामुळे वडिलांच्या पश्चात सारी इस्टेट कॉलिन्स नावाच्या दूरच्या नातेवाइकाकडे जाणार आहे. म्हणजे पाच मुलींच्या डोक्यावरचे छप्परही त्यांचे नाही. अशा स्थितीत खुद्द कॉलिन्सचे चालून आलेले स्थळ एलिझाबेथ नाकारते आणि सत्तावीस वर्षांची, रूप व पैसा दोन्ही बेताचे असलेली शार्लट अवघ्या काही दिवसांत त्याच माणसाला होकार देते. एलिझाबेथच्या नकाराला किती किंमत मोजावी लागू शकते, हे शार्लटच्या होकारामुळे कळते. हा होकार एखादे रूपांतर कसे हाताळते, त्यावरून त्याचा पिंड ओळखता येतो.

अँड्र्यू डेव्हिस यांनी लिहिलेल्या १९९५च्या मालिकेला सहा भागांत मिळून साडेपाच तासांच्या आसपास वेळ मिळाला आहे आणि तो तिने सत्कारणी लावला आहे. एलिझाबेथ लग्नानंतर शार्लटच्या घरी जाते, तेव्हा नवऱ्याने बागकामात रमावे, रोज पायी फिरायला जावे, यासाठी आपण त्याला कसे प्रोत्साहन देतो आणि त्यामुळे दिवसातून जेमतेम काही मिनिटेच त्याच्या सहवासात कशी घालवावी लागतात, हे शार्लट शांतपणे सांगते. प्रेक्षक हसतो, पण एका बाईने आपल्या संसाराची केलेली ही व्यवस्था त्याच्या मनातून जात नाही. एलिझाबेथने लग्नाची मागणी नाकारल्यावर डार्सी आपली बाजू मांडणारे जे पत्र तिला लिहितो, त्यालाही मालिका पुरेसा अवकाश देते, त्यामुळे एलिझाबेथचे मत पायरीपायरीने बदलताना दिसते. तळ्यात पोहून आलेल्या ओलेत्या डार्सीचा जो प्रसंग जगभर गाजला, तो मात्र मूळ कादंबरीत नाही. मालिकेचा दोष सांगायचा तर अॅलिसन स्टेडमन यांच्या मिसेस बेनेट सतत वरच्या पट्टीत बोलतात आणि तिसऱ्या भागापर्यंत कान किटतात. शिवाय संवाद कादंबरीच्या भाषेला बरेच धरून असल्यामुळे इंग्रजी सबटायटल्स लावून पाहणेच सोयीचे ठरते.

जो राइट यांच्याकडे हाच ऐवज मांडायला जेमतेम दोन तास होते. त्यांनी काळ थोडा मागे, अठराव्या शतकाच्या अखेरीस नेला आणि बेनेटांच्या अंगणात डुकरे, कोंबड्या व चिखल आणला. त्यामुळे हे घर खरोखरच हातातोंडाची गाठ घालणारे वाटते, किंबहुना कादंबरीतल्यापेक्षा जरा जास्तच गरीब वाटते. शार्लटचा प्रसंग येथे लहान असला तरी धारदार आहे. झोपाळ्यावर गिरक्या घेणाऱ्या एलिझाबेथला ती आपले वय, आपली परिस्थिती आणि आपल्याला वाटणारी भीती स्पष्ट शब्दांत सुनावते. डार्सीची लग्नाची पहिली मागणी कादंबरीत घराच्या चार भिंतींआड होते. येथे ती धो धो पावसात, इंग्लंडमधल्या स्टूरहेड येथील बागेतल्या देवळात घडते. दृश्य देखणे आहे आणि दारिओ मारियानेल्ली यांचे पियानोप्रधान संगीत मनात रेंगाळते, परंतु डार्सीविषयी खोटे सांगून एलिझाबेथचे मन कलुषित करणाऱ्या विकमचे कपट आणि डार्सीचे पत्र घाईत उरकल्यामुळे नायिकेचे मतपरिवर्तन समजण्याआधीच होऊन जाते. ज्यांच्या हाती एकच संध्याकाळ आहे, त्यांनी हाच पाहावा.

‘ब्रिजेट जोन्सेस डायरी’मध्ये शार्लटच नाही आणि तिची उणीवही भासत नाही. बत्तीस वर्षांची ब्रिजेट लंडनमध्ये नोकरी करते; लग्न झाले नाही तर तिला एकटेपण सोसावे लागेल, पण घर सोडावे लागणार नाही. धोका असा हलका झाल्याने विनोदाला मोकळे रान मिळते, आणि जोडप्यांनी भरलेल्या जेवणाच्या टेबलावर एकट्या बसलेल्या ब्रिजेटची जी गत होते, ती आपल्याकडच्या कोणत्याही लग्नघरात ‘मग तुझं कधी?’ हे ऐकणाऱ्या मुलीला ओळखीची वाटेल. १९९५च्या मालिकेतले कॉलिन फर्थ येथे मार्क डार्सी झाले आहेत आणि पटकथालेखकांत डेव्हिसही आहेत. त्यामुळे आधी मालिका पाहिलेल्याला या चित्रपटात दुप्पट गंमत येते. उलट क्रमाने पाहिल्यास ती निसटते.

चढ्ढा यांनी कथा अमृतसरच्या बक्षी कुटुंबात आणली, पाच मुलींच्या चार केल्या आणि डार्सीला अमेरिकन हॉटेल व्यावसायिक केले. गोव्याच्या सहलीत ललिता (इथली एलिझाबेथ) आणि डार्सी यांची हॉटेले व पर्यटन यांवरून जी खडाजंगी होते, तिच्यात मूळ कादंबरीतला वर्गाभिमान नेमका उतरला आहे. शार्लटच्या जागी असलेली चंद्रा अमेरिकेत स्थायिक झालेल्या कोहलीशी लग्न करते, तेव्हा मात्र चित्रपट फारसा थांबत नाही. खरे तर मुलीसाठी परदेशातले स्थळ हा विषय आपल्या प्रेक्षकांना चांगलाच भिडला असता. गाणी अधूनमधून कथेचा वेग अडवतात. तरीही घरातल्या तीन पिढ्यांना एकत्र बसून पाहायचे असेल, तर या चौघांत हाच सर्वांत सोयीचा आहे; आणि कादंबरी वाचण्याची तयारी असलेल्याने मालिकेचे पहिले दोन भाग पाहून, मग पुस्तक हाती घेऊन, उरलेले चार भाग नंतर पाहावेत.